मालकीणबाई रस्त्यात उभ्या आहेत

दिवाकरचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. दिवाकर माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. तेरवीला गावी गेले तेव्हा त्यानं एक कागद माझ्यापुढे केला. वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची चौकट द्यायची होती, तिचा मजकूर कुणीतरी हौसेनं लिहून दिला होता. शांत, सोशिक, पतीच्या पाठीशी सावलीसारखी उभी राहिलेली... मी चष्मा काढून ठेवला. "हे कोनाबद्दल लिवलं रे?" "आईबद्दल." "काट. सारं काट. तुही माय तुह्या बापाच्या पाठीशी नाई, समोर उभी राह्यली होती. भर रस्त्यात, ट्रकाच्या समोर." दिवाकर हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "मले मालूम आहे काकू. पन हे चौकटीत कसं बसन?" नाहीच बसायचं. म्हणून आज, ती चौकट छापून येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी, मी हे लिहायला बसले आहे. मेलेल्या बाईला सोशिक म्हणायची आपल्याकडे फार घाई असते. सगुणाबाई सोशिक नव्हत्या. ही गोष्ट ज्यांना अवघड वाटेल त्यांनी इथेच थांबावं.

मी वरोऱ्याची. कापसाच्या बाजाराचं गाव, रेल्वेचं ठेसन, घराघरात घड्याळ. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन कुरखेड्याहून वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सासरच्या गावात आले. चारी बाजूंनी सागाचं आणि बांबूचं जंगल, मधे धानाची बांधी, आणि गावाच्या मधोमध लाल मुरमाचा रस्ता. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, लाकडाचे कंत्राटदार होते. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेले ट्रक त्यांनी घेतले होते, आणि जंगलातल्या तोडीवरून वडशाच्या ठेसनापर्यंत त्यांच्या गाड्या ओंडके वाहत. माझे मालक ठेसनाजवळचा डेपो सांभाळत, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस घरात आम्ही दोघी जावाच असू. मी सगुणाबाईंना बाई म्हणायची, त्या मला धाकटे म्हणायच्या. उंच, सावळ्या, चालताना पाय वाजवणाऱ्या. बाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं, आणि त्या काळात अशा बाईनं घरात कसं वागावं याच्या सूचना द्यायला गावातली कुणीही म्हातारी मोकळी असे. बाई त्या ऐकून घेत आणि नंतर स्वतःला हवं तेच करत.

गावाची शाळा रस्त्याला लागून होती. जनपदाची, म्हणजे तेव्हाच्या लोकल बोर्डाची शाळा, कवेलूच्या छपराच्या दोन खोल्या, पुढे ओटा, आणि ओट्यावरून पाय खाली सोडला की रस्ता. कुंपण नाही, फाटक नाही. पिण्याच्या पाण्याची विहीर मात्र रस्त्यापलीकडे. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरं लोटे घेऊन विहिरीकडे धावत. आणि त्याच ठिकाणी टेकडीवरून येणारा उतार संपत होता. भरलेली गाडी उतारावर आली की ड्रायव्हर ती गिअर काढून न्यूटलमध्ये सोडून देत, पेट्रोल वाचे म्हणून. मागे सागाचे ओंडके, खाली नुसता घरंगळता वेग, आणि इंजिनाचा आवाज नाही... आवाज नसणं हेच सगळ्यात वाईट होतं. पोरांना गाडी दिसायची ती अंगावर आल्यावरच.

होळी होऊन काही दिवस झाले असतील. कौतिका नावाची पोरगी, दुसरीत शिकणारी, लोटा घेऊन रस्ता ओलांडत होती. आमचीच गाडी होती. ती वाचली, पण डाव्या पायाचं पाऊल चाकाखाली गेलं. भासऱ्यांनी तिला त्याच गाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. वाईट माणूस नव्हता तो. पण दुसऱ्या दिवशी गाड्या तशाच उतरू लागल्या. बाई कौतिकाच्या घरी जाऊन आल्या. तिथं काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. भासरे जेवायला बसले, आणि वाढता वाढता बाई म्हणाल्या, "शाळेपाशी गाड्या हळू नेत जा म्हना."

"उतारावर ब्रेक मारत बसलं तं पेट्रोल किती जाते, मालूम आहे? खेपा कमी होतेत. पानी लागाच्या आत माल ठेसनावर नाई गेला तं जंगलातच सडन."

"माल सडन तवा सडन. पोट्टीचा पाय तं गेला."

"मी खर्चा केला ना?"

"केला. पाय नाई देल्ला."

भासरे ताटावरून उठले. मी दाराआड उभी होते. त्या घरात त्यांच्यासमोर असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या सुमारास बाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि त्या घराबाहेर पडल्या. मला वाटलं, पाण्याला निघाल्या. त्या विहिरीशी न थांबता रस्त्याच्या कडेला, उतार जिथं संपतो तिथं जाऊन उभ्या राहिल्या. वरून लतीफभाईंची गाडी आली. लतीफभाई चांद्याचे, आमच्या ड्रायव्हरांतले सगळ्यात जुने. मालकाची बाई रस्त्याला उभी आहे म्हटल्यावर त्यांनी करकचून ब्रेक मारला आणि खाली उडी टाकली. "मालकीनबाई, कुठी जाचं आहे? बसा, सोडून देतो."

"कुठीच नाई. शाळा आहे. हळू जा."

लतीफभाई त्यांच्याकडे बघत राहिले, मग ओट्यावरच्या पोरांकडे बघितलं, आणि गाडी बैलगाडीसारखी हळू काढली. मागून दुसरी गाडी आली. तिचाही ड्रायव्हर उतरला, त्यानंही तेच विचारलं, त्यालाही तेच उत्तर. बाईंनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाची विनवणी केली नाही. मालकाची बाई उभी दिसली तर गाडी थांबवायची, एवढी एक रीत होती, आणि तिच्यातून त्यांनी आपलं काम काढून घेतलं. त्या दिवसापासून शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना बाई तिथं उभ्या. तोडीवर गाड्या भरणारी माणसंसुद्धा ड्रायव्हरांना ओरडून सांगू लागली, "सांभाळून रे, मालकीनबाई रस्त्यात उभ्या आहेत!"

गावात बोलणं सुरू झालं. कंत्राटदाराच्या घरची बाई, भर रस्त्यात, परक्या ड्रायव्हरांशी बोलते... शाळेचे गुरुजी मागच्या दारानं आमच्याकडे आले. भला माणूस, पण घाबरट. "बाई, शाळेची कवेलू मालकानंच टाकून देल्ली. मले काई बोलता नाई येत." बाई म्हणाल्या, "तुमी नोका बोलू गुरुजी. घंटा तेवढी जोरानं वाजवा, मले घरी आयकू आली पायजे." पुढच्या दिवसापासून गुरुजींनी घंटा अशी बडवायला सुरुवात केली की बांधीतली ढोरं माना वर करून बघत.

भासऱ्यांनी ड्रायव्हरांना बोलावून बजावलं, "ते उभी दिसली तरी गाडी थांबवाची नाई." सगळे खाली बघत राहिले. लतीफभाई तेवढे बोलले, "मालिक, गाडी तुमची आहे. पन पाय माहा आहे, तो ब्रेकवर आपोआप जाते." भासऱ्यांनी त्याच जागी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. ते स्वतः उत्तम ट्रक चालवत, धंद्याची सुरुवातच त्यांनी स्टिअरिंगवर बसून केली होती. "पाहातो मी," म्हणाले.

त्या दिवशी बाईंना परत बोलवायला म्हणून मी धावत गेले होते, त्यामुळे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. घंटा झाली, पोरं लोटे घेऊन ओट्यावरून उतरली, आणि टेकडीवर धूळ उठली. गाडी येताना दिसली तशा बाई कडेवरून चार पावलं पुढे गेल्या, अगदी रस्त्याच्या मधोमध, आणि त्यांनी पदर कमरेला खोचला. मी ओरडले, "बाई, या गाडीत भाऊजी आहेत!" त्या वळून म्हणाल्या, "मले दिसते." पोरं जिथल्या तिथं थांबली. गाडी उतरत होती, हॉर्न वाजत होता, आणि बाई हलत नव्हत्या... ब्रेकचा आवाज झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर धूळ खाली बसत होती, आणि गाडीचं नाक बाईंपासून हातभर अंतरावर होतं. इंजिनाची वाफ त्यांच्या तोंडावर येत होती. भासरे खाली उतरले. त्यांनी पहिल्यांदा आपला हात गाडीच्या आणि बाईंच्या मधे घातला, हे मी पाहिलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"घरी चाल."

"सुट्टी संपली का येईन."

"लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. पाहावं म्हनूनच उभी आहो."

"आज घरात पाय ठेवू नोको तू."

बाईंनी पोरांना पाणी पिऊन येऊ दिलं, शेवटचं पोर ओट्यावर चढेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग बाजूला झाल्या. भासरे गाडीत चढले आणि ती गाडी शाळेसमोरून अशी हळू गेली की तिच्या मागून कोंबडीही चालत गेली असती. संध्याकाळी बाई नेहमीसारख्या घरात आल्या, हातपाय धुतले आणि भात टाकला. पाय ठेवू नको म्हणणारा माणूस अंगणात खाटेवर बसून होता. त्यानं त्यांना अडवलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं बाईंशी बोलणं सोडलं. किल्ली मात्र लतीफभाईंना परत मिळाली.

पुढे कुरखेड्याचे एक नातेवाईक घरी आले. त्यांच्या नात्यात एक मुलगी होती. पोटी लेकरू नाही, त्यात बायको ऐकत नाही, तेव्हा दुसरी आणावी असा त्यांचा भासऱ्यांना सल्ला होता. हे सगळं बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललं जात होतं. बाईंनी स्वतः पोह्यांच्या बशा बाहेर नेल्या, पाहुण्यांच्या पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "पोरगी पाहाले जासान तं येक विचारजा, शाळेत गेली होती का. गेली असन, तं थेही माह्याच बाजूनं उभी राहीन." पाहुण्यांनी पोहे अर्धेच खाल्ले. भासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला आजही वाटतं, ते हसू दाबत होते. पण तसं शपथेवर सांगता येणार नाही.

मग बाईंना हिवताप आला. आमच्या जंगलात तो कुणालाच सोडत नसे. गोधडीवर गोधडी घालूनही त्या हुडहुडत होत्या, आणि शाळेची घंटा झाली तशा उठून बसायला लागल्या. मी त्यांना खाली निजवलं आणि म्हणाले, "मी जाते." मी सतरा-अठरा वर्षांची होते. भासऱ्यांसमोर बोलणं तर सोडाच, त्यांची चाहूल लागली तरी मी आत पळायची, तशीच रीत होती. तोंडावर हनुवटीपर्यंत पदर ओढून मी रस्त्याशी जाऊन उभी राहिले. पहिली गाडी आली, थांबली, आणि केबिनचं दार उघडून उतरले ते भासरे. पदराच्या खालून मला फक्त त्यांच्या वहाणा दिसत होत्या. तरी तोंडातून शब्द निघाले, "पोरं आहेत. हळू न्या." माझ्या भासऱ्यांशी मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं वाक्य. वहाणा क्षणभर तशाच थांबल्या. "तिचा ताप उतरला काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ते गाडीत बसले. त्या संध्याकाळी त्यांनी डॉक्टरला आणलं, दारातून आत आले, आणि बाईंच्या उशाशी उभे राहिले आणि बाहेर गेले.

पाऊस लागला, रस्ता बंद झाला, गाड्या थांबल्या. दिवाळीनंतर रस्ता सुकला तेव्हा आमच्या गाड्या न सांगता शाळेपाशी हळू जाऊ लागल्या होत्या. पण आता त्या रस्त्यावर दुसऱ्या कंत्राटदारांच्याही गाड्या आल्या. त्यांच्या ड्रायव्हरांना कुठली मालकीणबाई? एकानं हॉर्न वाजवत इतक्या जवळून गाडी काढली की बाई कडेच्या नालीत पडल्या आणि कोपर सोलून निघालं. मी त्यांना उठवलं. लुगड्याचा चिखल झटकत त्या म्हणाल्या, "हे काई माह्या नवऱ्याचे नाईत धाकटे. यायले सांगून भागनार नाई. यायच्या गाड्यायलेच काई सांगा लागन."

आमच्या आवारात एक वाकडा, आतून पोकळ ओंडका पडून होता, कुणी विकत न घेतलेला. बाईंनी लतीफभाईंना निरोप धाडला. त्यांनी तो गाडीत घालून आणला आणि भर दुपारी, सगळ्या गावादेखत, शाळेच्या अलीकडे रस्त्यावर उतरवला. कुदळ पहिल्यांदा मारली कौतिकाच्या आईनं. मग मी, मग आणखी बायका. रस्त्याला आडवी नाली खणून आम्ही ओंडका त्यात बसवला, वरचा भाग टेंगळासारखा रस्त्याच्या वर ठेवला, आणि दोन्ही अंगांनी मुरूम ठोकून घट्ट केला. गतिरोधक हा शब्द आम्हाला माहीत नव्हता. एक परकी गाडी सुसाट उतरली, ड्रायव्हर सीटवरून उडाला आणि टपाला डोकं आपटून खाली आला. त्याच्या शिव्या मी इथे लिहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो हळू आला. त्याच्या पाठचेही हळू आले.

मग रस्त्याच्या खात्याचे साहेब जीपमधून आले, आणि त्यांनाही टेंगूळ लागलं. गाव गोळा झालं. भासऱ्यांना वडशाच्या डेपोवरून बोलावून आणलं, कारण लाकडावर त्यांच्याच कंत्राटाचा ठसा होता. साहेब तापलेले. "सरकारी रस्त्यात हे लाकूड कुणी पुरलं?" गुरुजी आपल्या पायांकडे बघू लागले. बाई पुढे झाल्या. "मीनं."

साहेबांनी भासऱ्यांना विचारलं, "या कोण?"

भासऱ्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. कितीतरी महिने ते या बाईशी एक शब्द बोलले नव्हते. मला वाटलं, आता हे सांगणार की मला काही ठाऊक नाही.

"माही बायको आहे," ते म्हणाले. "आन् लाकूडबी माहंच आहे."

"मग आत्ताच्या आत्ता काढा ते!"

"साहेब, तुमची जीप इथी थांबली ना?"

"थांबली. मग?"

"मंग लाकूड आपलं काम करून राह्यलं. काढाचं काऊन?"

साहेब रागारागानंच गेले. लाकूड राहिलं. पुढे डांबराचा रस्ता झाला तेव्हा ते कधी निघालं, कुठं गेलं, कुणालाच ठाऊक नाही. लोक ही गोष्ट आता गोड करून सांगतात, की भासऱ्यांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर बाईंची माफी मागितली. खोटं आहे. 'तुझं बरोबर होतं' हे ते मरेपर्यंत बोलले नाहीत, आणि बाईंनीही ते ऐकायची वाट पाहिली नाही. त्या संध्याकाळी जेवताना ते एवढंच म्हणाले, "मीठ दे." बाईंनी दिलं. दिवाकर त्यानंतरच्या वर्षी झाला, यावरून काय ते समजा. कौतिका कुबडी घेऊन शाळेत परत आली आणि चौथी झाली. बाईंना जाळायला नेलं तेव्हा पुरुषांच्या मागोमाग ती काठी टेकत पार नदीपर्यंत गेली. बायकांनी घाटावर जाऊ नये असं तिला कुणीतरी सांगितलं म्हणे. तिनं ऐकलं नाही.

म्हातारपणी बाईंना एक सवय लागली होती. दिवाकर त्यांना गाडीतून कुठंही नेत असो, वाटेत शाळा दिसली की मागच्या सीटवरून त्यांची दोन बोटं त्याच्या खांद्यावर पडत. बोलायच्या नाहीत. गाव कुठलंही असो, शाळा कुणाचीही असो, दोन बोटं. तेरवीनंतर दिवाकर मला नागपूरला पोचवायला निघाला. मी त्यांच्या जागेवर, मागच्या सीटवर बसले होते. रविवार होता. गाव सोडून बरेच पुढे आलो होतो, आणि एका वस्तीपाशी रस्त्याच्या कडेला शाळा आली. दारांना कुलपं, पटांगणात एक शेळी, माणसाचं पोर कुठं नाही. दिवाकरनं गाडी हळू केली.

"काऊन रे? आज तं इतवार आहे."

त्यानं खांदा किंचित पुढे घेतला, कुणीतरी हात ठेवल्यासारखा. मागून एक मोठा ट्रक आला आणि हॉर्न वाजवायला लागला. एकदा, दोनदा, मग सारखाच. रस्ता अरुंद होता, त्याला पुढे जाता येईना. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून ओरडत होता. दिवाकरनं आरशात माझ्याकडे बघितलं.

"वाजवू दे," मी म्हणाले.

त्यानं गाडी आणखी हळू केली.